नसलेल्या यंत्राची तक्रार

यंत्र बंद पडलं तर माझी काही तक्रार नसते. यंत्रं बंद पडतातच. आमच्या आळीचा पाण्याचा पंप बंद पडतो, खोपोलीहून निघालेली एसटी शिळफाट्यावर बंद पडते, मी स्वतः दर उन्हाळ्यात दोन दिवस बंद पडतो. पण एकोणनव्वद सालच्या एप्रिलात माझ्या ताब्यातलं जे यंत्र अडकून बसलं, ते मुळात अस्तित्वातच नव्हतं. नसलेल्या यंत्राने पाच शाळांचा निकाल अडवून धरावा आणि त्याचा जाब मात्र असलेल्या माणसाला, म्हणजे मला, विचारला जावा, हा कुठला न्याय?

मी सहदेव कोळंबे. खालापूरच्या सह्यपायथा शिक्षण मंडळाचा हेडक्लार्क. मंडळाच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मिळून पाच शाळा, अकराशे चाळीस विद्यार्थी आणि एक कॉम्प्युटर. अध्यक्ष गजानन थोरवे, ज्यांना सगळे गजाशेठ म्हणतात, यांचा मूळ धंदा कोंबड्यांचा. शहाऐंशी साली त्यांनी कुठेतरी कॉम्प्युटर पाहिला आणि परत येताना जाहीर करून टाकलं की आपल्या मंडळाचे निकाल ह्यापुढे यंत्रावर छापले जातील. तेव्हापासून तीन वर्षं ते यंत्र माझ्या खोलीत, माझ्या पंख्याखाली, माझ्या टेबलाची निम्मी जागा व्यापून बसलं होतं. मी तेही सहन केलं. कारण चाललं होतं.

चालत्या गोष्टीला हात लावू नये, एवढं साधं तत्त्व कंपन्यांना कळत नाही. त्या मार्चमध्ये दादरच्या कंपनीचे इंजिनिअर वर्टी साहेब आले. गळ्यात टाय, हातात पंधरा फ्लॉप्या. म्हणाले, "नवं सॉफ्टवेअर टाकतोय. जुनं एका वेळी एकच काम करायचं, हे चार करील."

"आमच्याकडे एका वेळी एकच काम असतं," मी म्हणालो.

ते त्यांनी ऐकलं नाही. दुपारपर्यंत फ्लॉप्या घातल्या, काढल्या, आणि मग जरा चाचरत म्हणाले, "एक आहे. तुमचा निकालाचा प्रोग्रॅम जुना आहे, तो नव्यात चालत नाही. म्हणून नव्याच्या पोटात मी एक व्हर्च्युअल मशीन तयार केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आत एक जुना कॉम्प्युटर आहे असं समजायचं. प्रोग्रॅमलाही तसंच वाटतं. तो आपला बिचारा जुन्यासारखं काम करत राहतो."

"आणि आत खरंच जुना कॉम्प्युटर आहे?"

"नाही."

"म्हणजे प्रोग्रॅमला फसवायचं?"

"तसं म्हणा हवं तर," म्हणून ते हसले. मी हसलो नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाला फसवलेलं नाही, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर एका प्रोग्रॅमला फसवायचं मला पटत नव्हतं. पण इंजिनिअर माणूस, त्यात टाय. मी सही केली. आमचा शिपाई गोमा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. साहेब गेल्यावर हळूच म्हणाला, "भाऊसायेब, म्हंजी आतमंदी एक हाय, पन ते नाय. आमच्या वाडीला असल्याला दुसरं नाव हाय."

"गोमा, कामाला लाग."

एक मेला झेंडावंदन आणि त्याच वेळी निकाल, अशी गजाशेठनी छापील निमंत्रणं काढली होती. 'संगणकावर छापलेली गुणपत्रके' हे शब्द लाल शाईत. शिवाय मला खासगीत बोलावून सांगितलं होतं, "कोळंबे, निकाल वेळेवर लागला की तुमची ऑफिस सुपरिंटेंडेंटची ऑर्डर काढतो." ह्या ऑर्डरची मी सहा वर्षं वाट बघत होतो. माझ्या मनात तर दारावरची पाटीसुद्धा रंगवून झाली होती.

पंचवीस एप्रिल, मंगळवार. सकाळी साडेदहाला आम्ही कोंडाण्याच्या शाळेपासून सुरुवात केली. प्रिंटर कर्रकर्र करत सुरू झाला. एक, दोन, दहा, वीस, पंचवीस. आणि थांबला. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं होती, 'जॉब रनिंग'. म्हणजे काम चालू आहे. शेजारी एक आडवी रेघ उघडझाप करत होती.

आम्ही चहापर्यंत थांबलो. चहा झाला. चहानंतरही थांबलो.

"काम चालू हाय म्हनतंय," गोमा म्हणाला.

"कुठं चालू आहे?"

"पंचायत समितीच्या रस्त्यावर बी अशीच पाटी हाय. दोन वर्सं झाली."

मी यंत्र बंद करून परत चालू केलं. कर्रकर्र, पंचवीस, ठप्प. परत चालू. पंचवीस, ठप्प. संध्याकाळपर्यंत कोंडाण्याच्या त्याच पंचवीस मुलांना प्रत्येकी सहा-सहा गुणपत्रकं मिळतील एवढी सोय झाली. बाकीच्या अकराशे पंधरांचा अजून जन्म झालेला नव्हता.

ही बातमी मी कोणाला सांगितली नव्हती. गोमाने फक्त तीन जणांना सांगितली होती. त्यामुळे बुधवारी सकाळी मी पायरी उतरायच्या आत सगळ्या आळीला माहीत होतं. आमच्या शेजारचा पदू ठोंबरे शिळफाट्यावर रेडिओ दुरुस्त करतो. तो सायकल अडवून म्हणाला, "डाव्या अंगानं एक थापट मारा. माझा प्रत्येक रेडिओ त्यानं बोलतो."

"तो रेडिओ नाही, पदू."

"इजेवर चालतो ना? मग थापट ओळखणार."

पलीकडच्या अंबाबाईंनी वेगळीच चौकशी केली. कॉम्प्युटर आणला तेव्हा नारळ फोडला होता का? फोडला होता. "आनि आतल्याला?" नव्हता फोडला. "बघा. बाहेरच्याचा मान केलात, आतल्याला पानी पन नाय इचारलं. बसल नाय तर काय करंल?" माझी बायको जयवंता पोळ्या लाटता लाटता हे ऐकत होती. तिने काही सल्ला दिला नाही, पण मी निघताना पिशवीत एक नारळ ठेवलेला होता. आता प्रश्न असा की नसलेल्या यंत्रापुढे नारळ कुठे फोडायचा? गोमाने तो खिडकीच्या कट्ट्यावर फोडला. मी तोंड फिरवून उभा होतो; जे मी पाहिलं नाही त्याला मी जबाबदार नाही. प्रिंटरने पंचवीस छापले आणि थांबला. गोमा खोबरं चावत म्हणाला, "थापट राहिली."

मी मारली. हे सांगताना मला आजही लाज वाटते. हलकेच मारली, पण मारली, आणि नेमके त्याच वेळी गजाशेठ दारातून आत आले.

"काय चाललंय कोळंबे?"

"यंत्र हँग झालंय, शेठ." हा वर्टी साहेबांचा शब्द.

"हँग म्हणजे फाशी. एवढं इंग्रजी मलाही येतं. कोणाला फाशी?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आतलं, बाहेरचं, आहे, नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि कोंबड्यांच्या अनुभवावर निदान केलं, "गरमी. एप्रिलात पिल्लं पण अशीच मान टाकून बसतात." तासाभरात त्यांच्या पोल्ट्रीतला भला मोठा पंखा टेंपोतून आला. गोमाने तो यंत्रापुढे ठेवून चालू केला, आणि टेबलावर रचून ठेवलेली सगळी गुणपत्रकं खिडकीतून एकदम बाहेर गेली. मी बाहेर धावलो. कचेरीसमोर नाम्या मुकणेची भज्यांची गाडी असते. मी पोचेपर्यंत त्याने रस्त्यावरची निम्मी गोळा करून ठेवली होती. आपल्या उपयोगासाठी.

"नामा, ते गोपनीय कागद आहेत!"

"मला काय ठावं? कागद लई चांगला हाय. त्याल धरत नाय."

अशा रीतीने कोंडाण्याच्या पहिल्या पंचवीस विद्यार्थ्यांचा निकाल एक मेऐवजी सव्वीस एप्रिलला, भज्यांबरोबर जाहीर झाला. दुपारी कोंडाण्याच्या हेडमास्तरांचा निरोप आला की काही पालकांनी पेढे वाटले आहेत आणि उरलेले पालक विचारतात की आमच्या मुलांनी काय पाप केलंय? मी तो निरोप फाईलला लावला.

गुरुवारी मी दादरला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. तक्रार घेणारे गृहस्थ अत्यंत नम्र होते. नम्र माणसाचा राग जास्त येतो, कारण तो काढायला जागा नसते.

"मशीनचा सीरियल नंबर?"

"बाहेरच्याचा सांगू की आतल्याचा?"

"जे बिघडलंय त्याचा."

"जे बिघडलंय त्याला नंबर नाही. ते तुमच्या वर्टी साहेबांनी आत तयार केलेलं आहे."

तिकडे कागदांची चाळवाचाळव. "साहेब, आमच्या रजिस्टरला तुमच्या नावावर एकच मशीन आहे. ते चालू आहे का?"

"ते चालू आहे. ते 'काम चालू आहे' असंही म्हणतंय."

"मग तक्रार काय?"

"आतलं अडकलंय!"

"आतलं असं काही मशीन आमच्याकडून आलेलं नाही. तुम्ही लेखी पाठवा. तुमच्या डेड स्टॉक रजिस्टरचा नंबर घालून."

डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे खुर्च्या, कपाटं, घंटा वगैरे वस्तूंची नोंद. ते आमच्या भांडारप्रमुख धोंडूबाई घारे यांच्याकडे असतं. धोंडूबाई काटेकोर बाई. एकदा एक टाचणीची डबी सापडेपर्यंत त्यांनी वार्षिक संमेलन अडवून धरलं होतं. मी त्यांना विनंती केली, "एक नोंद करा. व्हर्च्युअल मशीन, नग एक."

"दाखवा," त्या म्हणाल्या.

"दाखवता येत नाही. ते ह्या यंत्राच्या आत आहे."

त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, मागे वाकून पाहिलं, चष्मा पुसला. "भाऊसाहेब, वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नोंद करत नाही. उद्या तपासणीला आले आणि म्हणाले कुठंय, तर मी काय सांगू? चोरीला गेलं?"

म्हणजे कंपनीच्या मते ते नव्हतं म्हणून तक्रार नाही, धोंडूबाईंच्या मते ते दिसत नव्हतं म्हणून नोंद नाही, आणि ह्या सगळ्या नसण्याचा भार वाहायला जगात फक्त मी होतो.

शेवटी गजाशेठनी ओळखीतून फोन फिरवला आणि शुक्रवारी सकाळी वर्टी साहेब स्वतः आले. त्यांनी बाहेरच्या यंत्राची सगळी तपासणी केली. तारा हलवल्या, पडदा पुसला, एक फ्लॉपी घालून काढली. सगळं उत्तम. मग आमचा निकाल सुरू केला. पंचवीस, ठप्प.

"हं," ते म्हणाले.

"काय हं?"

"हे व्हर्च्युअल मशीन थांबलेलं दिसतंय."

"ते मी मंगळवारपासून ओरडतोय!"

"पण आमचं मशीन चालू आहे," म्हणून त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. 'यंत्र समाधानकारक चालू. ग्राहकाची सही.' मी सही करणार नाही म्हणालो. ते म्हणाले सही नसली तर आजची भेट झालीच नाही असं धरतात. म्हणजे आता न झालेल्या भेटीत न दुरुस्त झालेलं नसलेलं यंत्र! मी सही केली आणि खाली लिहिलं, 'निषेधासह'. ते बाराच्या गाडीने कर्जतला निघून गेले. जाताना एक पुस्तक तेवढं टेबलावर ठेवून गेले, तीनशे ऐंशी पानांचं, सगळं इंग्रजीत.

गजाशेठ आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "कोळंबे, सोमवारी मंडपात सगळा तालुका असणार. निकाल नसला तर तुमची ऑर्डर विसरा. आणि लोकांना उत्तर तुम्ही द्यायचं, माईकवर."

मी खुर्चीत बसलो आणि कंपनीला पत्र लिहायला घेतलं. असं पत्र, की वाचणाऱ्याने नोकरी सोडावी. त्यात मला दाखवायचं होतं की पूर्वी ह्याच प्रोग्रॅमने तीन वर्षं किती आज्ञाधारकपणे काम केलं होतं. पुरावा हवा म्हणून शहाऐंशीची फाईल काढली. बांधणीची नाडी सोडली, पानं उलटली, आणि एका पत्रावर माझी नजर थांबली. माझ्याच अक्षरातलं, माझ्याच सहीचं, प्रोग्रॅम करणाऱ्या गृहस्थांना लिहिलेलं:

'छपाई करताना कागद वाकडा जातो व शिपाई तिकडे लक्ष देत नाही. तरी दर पंचवीस प्रतींनंतर यंत्राने थांबून कागद सरळ आहे काय असे विचारावे, व होकार मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.'

मी ते दोनदा वाचलं. मग फाईल मिटली. मग उघडून पुन्हा एकदा वाचलं.

"गोमा!"

गोमा आला.

"जुन्या यंत्रावर छपाई चालू असताना मधेच काही प्रश्न यायचा का रे?"

"यायचा की. कागद सरळ हाय का म्हनून. मी ते वाय का काय ते दाबायचो."

"मग आता का नाही दाबलंस?"

"आता कुठं इचारतंय? इचारलं तर दाबीन."

"चार दिवस झाले गोमा! मला सांगायचं नाही?"

"तुमी तरी कुठं इचारलंत?"

म्हणजे ते आतलं बिचारं अडकलेलं नव्हतंच. मी तीन वर्षांपूर्वी दिलेल्या हुकमाप्रमाणे ते दर वेळी अदबीने थांबून विचारत होतं, कागद सरळ आहे काय? फक्त ते आपल्या आतल्या, नसलेल्या पडद्यावर विचारत होतं, आणि बाहेरचं त्याच्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी लावून बसलं होतं. मला त्या आतल्याबद्दल एकदम कणव वाटली. आयुष्यभर माझीही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती.

मग ते तीनशे ऐंशी पानांचं पुस्तक घेतलं, शेजारी डिक्शनरी घेतली आणि बसलो. दुपारच्या जेवणाचा डबा तसाच राहिला. चार वाजता दोनशे बाराव्या पानावर सापडलं: आतला पडदा बाहेर आणायचा असेल तर अमुक दोन बटणं एकदम दाबावीत. मी गोमाला दार लावायला सांगितलं. छपाई सुरू केली. पंचवीस, ठप्प. दोन बटणं दाबली.

पडदा काळा झाला. मग मध्यभागी, हिरव्या अक्षरांत, एकच ओळ उमटली. कागद सरळ आहे काय? वाय की एन?

मी प्रिंटरकडे बघितलं. कागद खरोखरच थोडा वाकडा होता. तो सरळ केला आणि वाय दाबलं.

कर्रकर्र सुरू झालं. सव्विसावं पान बाहेर आलं, सत्ताविसावं आलं, आणि गोमाने खिडकीतून नाम्याला ओरडून सांगितलं, "सुटलं रं, सुटलं!" शनिवार-रविवार दोन्ही दिवस तो यंत्रासमोर बसून दर पंचविसाला वाय दाबत होता, आणि दर वेळी कागदाकडे बघून माझ्याकडे बघत होता. मी त्या नजरेकडे दुर्लक्ष केलं. ते पत्र मात्र मी फाईलमधून काढून खिशात ठेवलं.

एक मेला मंडपात गजाशेठनी भाषण केलं. त्यांनी दादरच्या कंपनीचे आभार मानले. वर्टी साहेबांचे आभार मानले, "जे आपली सगळी कामं टाकून धावत आले." पोल्ट्रीच्या पंख्याचासुद्धा उल्लेख झाला. मी तिसऱ्या रांगेत बसून होतो. उठून सांगावं असं चारदा मनात आलं. पण सांगायचं तर यंत्राने काय विचारलं ते सांगायला हवं, आणि ते सांगितलं की ते कोणी विचारायला लावलं हेही आलंच. मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ऑर्डरची आठवण करायला गेलो. गजाशेठ प्रसन्न होते. म्हणाले, "कोळंबे, तुम्हीच बघा. आता सगळं यंत्रच करतं. मग सुपरिंटेंडेंट लागतो कशाला?"

मी परत येऊन खुर्चीत बसलो. संतापाने माझे कान गरम झाले होते. एकतीस वर्षं! तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. कोंडाण्याची, हातात घडी घातलेलं गुणपत्रक.

"कोळंबे भाऊसायेब तुमीच?"

"हो. काय काम आहे?"

"मी सोनुबाई. यंत्र तुमीच सुरू केलंत ना? गोमाभाऊ एसटीत बोलला."

मी सरळ होऊन बसलो. टोपी नीट केली. "हो, मीच सुरू केलं. दुसऱ्या कोणाला जमलं नाही."

"मंग ह्ये बघा काय केलंत." तिने कागद माझ्यापुढे उलगडला. ठकी, आठवी ब. गणितात एकोणीस, इंग्रजीत बावीस. नापास. "चार दिस यंत्र अडाकलं व्हतं तवर पोर घरात गानी म्हनत व्हती. तुमी सुरू केलंत आनि पोर नापास झाली."

"बाई, यंत्र फक्त छापतं. मार्क मास्तरांनी दिलेत."

"तुमी सुरू केलं का नाय?"

"केलं."

"मंग झालं तर. तसं लिवून द्या."

"काय लिहून देऊ?"

"यंत्र तुमी सुरू केलं म्हनून ह्यो निकाल लागला, असं. तिच्या बापाला दावते. तो पोरीवर डाफरतोय. कागद बघितला की तुमच्यावर डाफरंल, पोरीला सोडंल."

तिला मी नाही म्हणणार होतो. कचेरीच्या कागदावर असलं काही देता येत नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गोमाला सांगितलं, "दोन चहा आण." तिला बसायला खुर्ची दिली. जूनमध्ये फेरपरीक्षा आहे, ठकीला गणिताची वही घेऊन सुटीत माझ्याकडे पाठव, म्हणून सांगितलं. मग मंडळाच्या नावाचा कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'दाखला देण्यात येतो की, मंडळाचे यंत्र दिनांक २५ ते २८ एप्रिल १९८९ या काळात अडकले होते. ते खाली सही करणाराने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय सुरू केले. त्यामुळे लागलेल्या सर्व निकालांस तो एकटा जबाबदार आहे.'

खाली सही केली. पूर्ण सही, स. धों. कोळंबे, आणि गोल शिक्का मारला. सोनुबाईने कागद उलटसुलट बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि पदरात बांधला. चहा पिऊन ती निघून गेली.

ती गेल्यावर मी खालचा कार्बन हळूच काढला. दुसरी प्रत चांगली उठली होती. ती मी घरी नेली आणि जयवंताला मोठ्याने वाचून दाखवली.